तीन तारेवाला

माझं दुकान बंद पडलं ते सासरच्या माणसांच्या प्रेमामुळे. कुणाचं मंदीनं बंद पडतं, कुणाचं उधारीनं. माझं कौतुकानं बंद पडलं. आज मी हे हसत सांगते आहे, पण त्या सकाळी हातातली कात्री भिंतीवर फेकून मारावी असं वाटलं होतं. कात्री महागाची होती म्हणून वाचली.

दुकान म्हणजे शटर आणि पाटी असलं काही नाही. आमच्या मागच्या खोलीत एक जाड शिलाईचं मशीन आहे, कापायचं टेबल आहे, लोकरी कापडाचे गठ्ठे आणि रबरी सोलांच्या थप्प्या आहेत, आणि बाकीचं सगळं दुकान फोनवर. घरात घालायच्या सपाता मी बनवते. मुख्यतः वय झालेल्या माणसांसाठी, म्हणजे न वाकता पाय आत सरकवता येईल आणि गुळगुळीत फरशीवर माणूस घसरणार नाही अशा. आधी मी बुटांच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी मशीनं भंगाराच्या भावात काढली आणि त्यातलं एक मी उचलून आणलं. नवरा लिफ्टा दुरुस्त करतो. ते धूड लिफ्टमधून वर कसं न्यायचं हे त्यालाच सुचलं. त्याच्या धंद्याचा मला लग्नानंतर झालेला तो पहिला फायदा.

सपाता विकल्या जातात एका ऑनलाइन बाजारात. तिथे माझ्यासारखी असंख्य दुकानं आहेत. गिऱ्हाईक वस्तू बघतं, खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचतं, पाचपैकी किती तारे मिळालेत ते बघतं आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवतं. माझी शिवण कुणी हात लावून बघत नाही, त्यामुळे तारे हीच माझी अब्रू.

तर त्या सकाळी मशीनवर बसण्याआधी फोन उघडला आणि दुकानाच्या जागी एक करडी पट्टी दिसली. 'आपल्या दुकानावरील काही रिव्ह्यू विक्रेत्याच्या नातेवाइकांनी नातं न सांगता लिहिल्याचं आढळलं आहे. ग्राहक संरक्षण कार्यालयाच्या नव्या नियमांनुसार चौकशी पूर्ण होईपर्यंत दुकान स्थगित करण्यात येत आहे. हेतुपुरस्सर दिशाभूल सिद्ध झाल्यास दुकान कायमचं काढून टाकण्यात येईल.'

मी दोनदा वाचलं. मग मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अहो! इकडे या आधी!"

नवरा दाढीचा साबण गालावर घेऊन आला. वाचताना साबण वाळत गेला तसा त्याचा चेहराही उतरत गेला.

"हे त्या रविवारचं असणार," तो म्हणाला.

त्या रविवारी माझ्या मधल्या दिरानं नवं घर घेतलं म्हणून सगळी भावकी जेवायला जमली होती. मी गेले नव्हते, मला ऑर्डर पुरी करायची होती. जेवणं झाल्यावर माझ्या नवऱ्याला बायकोच्या प्रेमाचं भरतं आलं. माझ्याहून भिकार सपाता विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाला ढीगभर तारे आहेत, हे त्याला बरेच दिवस सलत होतं. तो खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, सगळ्यांनी फोन काढा. मग सगळ्यांनी एकाच टेबलाभोवती बसून, एकाच घराच्या इंटरनेटवरून, एकाच दुपारी मला पाच-पाच तारे दिले. इतका उघडावाघडा गुन्हा करायला आमचंच घराणं लागतं.

बरं, लिहिलं तरी काय! थोरल्या काकांनी लिहिलं होतं, 'अत्यंत टिकाऊ. मुलगी मुळातच कष्टाळू आहे, आमच्या घरात आली त्या दिवसापासून बघतोय.' मधल्या दिरानं लिहिलं, 'वहिनी, एक नंबर!' मावशींनी लिहिलं, 'सपाता छान. नवऱ्याकडे जरा लक्ष दे, फार वाळलाय.' आणि आत्यांनी लिहिलं, 'पाच तारे. अजून घेतल्या नाहीत, पण घेणार आहे.'

मी हे त्याच संध्याकाळी वाचलं होतं आणि वाचून मला फार बरं वाटलं होतं. हसू आलं, डोळेही भरून आले. कायदा वगैरे डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आपल्या माणसांनी आपल्याला चांगलं म्हटलं, यात कुणाच्या पोटात दुखावं?

एक मात्र तेव्हाही खुपलं होतं. ताईंनी काही लिहिलं नव्हतं. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. नात्यानं वन्सं, हाकेला ताई. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, लग्न केलं नाही, आता निवृत्त होऊन पलीकडच्या गल्लीत एका खोलीत राहतात आणि रात्री आमच्याकडे जेवायला असतात. त्या रविवारी सगळे फोन घेऊन बसले तेव्हा यांनी आपला पर्समधून बाहेरसुद्धा काढला नाही. "मला नाही जमत असलं," म्हणाल्या म्हणे. दुकान सुरू केलं तेव्हा पहिला जोड मी त्यांना दिला होता. तो त्यांनी खोक्यातून काढलाच नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी चुकूनही चांगलं म्हटलेलं नाही. वाईट म्हणतात असंही नाही. नुसतं बघतात, आणि त्यांच्या त्या बघण्यानं माझं टाळकं सरकतं.

नवरा साबण न धुताच खुर्चीत बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. मला भांडायचं होतं, पण वाळलेल्या साबणाचा माणूस समोर बसला की भांडण रंगत नाही.

खालच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. ऑनलाइन धंद्यांचीच कामं करतात, त्यामुळे दिवसभर घरातच असतात आणि फोनवर कुणाला ना कुणाला झापत असतात. मी तशीच खाली गेले. त्यांनी चहा दिला, फोनवरची सूचना वाचली, मग काकांचा रिव्ह्यू वाचला आणि बराच वेळ कपात बघत हसू दाबत राहिल्या.

"हसा तुम्ही," मी म्हटलं. "पण माझं कुठे चुकलं ते सांगा. नातेवाइकांनी कौतुक करायचं नाही, असा कायदा आहे का?"

"करा की! कोण नाही म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "कौतुक कोण करतंय ते कळलं पाहिजे, एवढंच कायद्याचं म्हणणं. समोर बसून आई सांगते माझी मुलगी गुणाची, तेव्हा ऐकणारा काय ते समजून घेतो. तीच आई पडद्याआडून परक्या माणसाच्या आवाजात बोलली, तर तो फसतो. लोक पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेतात, कारखाने निघालेत त्याचे. त्यांना पकडायला जाळं टाकलं, त्यात तुमचे काका सापडले."

"मग आता?"

"सोमवारी कार्यालयात बोलावतील. त्यांना एकच बघायचं असतं. दुकान मुळात सरळ आहे की वाकडं. घरच्यांचं सोडून द्या, ते गेलंच. तुमच्याकडे असा एक तरी रिव्ह्यू आहे का, की ज्याच्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही?"

मी जवळजवळ उडीच मारली. "आहे ना! तीन तारेवाला!"

तीन तारेवाला हा माझा जुना वैरी. पहिल्या वर्षापासून तो दर थोड्या महिन्यांनी एक जोड मागवतो, तीन तारे देतो आणि खाली माझी चूक लिहितो. नाव नाही, नुसतं 'ग्राहक'. बाजार आम्हाला गिऱ्हाइकाचं नाव-गाव देत नाही, लोकांची माहिती जपायचाही एक कायदा आहे. पार्सलवर आकडा असतो आणि ते एका किराणा दुकानात जातं, तिथून ज्याचं तो उचलतो. पहिल्यांदा त्यानं लिहिलं, 'टाचेची शिवण आतून टोचते. सूज असलेल्या पायाला हे चालणार नाही.' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन दिवस मी त्याला शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी टाचेच्या आतून मऊ पट्टी लावली. मग त्यानं लिहिलं, 'ओल्या फरशीवर पुढचा भाग सरकतो. पडायला एवढं पुरे.' पुन्हा शिव्या, आणि पुन्हा मी सोल बदलला, बोटांखाली खोल खाचांचा घेतला. मग म्हणाला, डावी-उजवी अंधारात ओळखू येत नाही. तेव्हा मी उजव्या सपातेवर जाड दोऱ्याची एक नक्षी टाकली. आज लोक त्या नक्षीसाठी माझ्या सपाता घेतात.

मी त्याला मनात रंगवलाही होता. कुणीतरी खडूस, बारीक मिशीचा, रिटायर झालेला गृहस्थ, बायकोनं केलेल्या भाजीतसुद्धा मीठ मोजणारा. शिव्या घालता घालता मला त्याची सवय झाली होती. बरेच दिवस त्याचं पार्सल निघालं नाही की मी नवऱ्याला म्हणायचे, मेला वाटतं.

"हा आणा," वकीलबाई म्हणाल्या. "तीन तारे देणारा माणूस कुणाचा नातेवाईक नसतो."

त्या संध्याकाळी मी खुशीत होते. जेवताना ताईंना सगळं सांगितलं, नवऱ्याची खुर्ची, काका, आत्या, सगळं. "पण आता बघाच तुम्ही," मी म्हटलं, "माझा वैरीच मला सोडवणार. सोमवारी त्या बाईंसमोर त्याचे सगळे रिव्ह्यू ठेवते. म्हणावं, हे बघा, हा माणूस मला चांगलं म्हणत नाही आणि तरी माझ्याकडूनच घेतो."

ताईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "त्याला मध्ये आणू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"कारण ती मी आहे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर कुठल्या गोष्टीवर आधी चिडावं ते कळेना. दोन दिवस शिव्या. मऊ पट्टी. मेला वाटतं.

"तुम्ही?" मी म्हटलं. "मी दिलेला जोड खोक्यात ठेवायचा आणि विकत घेऊन त्याला नावं ठेवायची? हे कसलं वागणं?"

"तू दिलेला घातला असता तर तुला तोंडावर सांगावं लागलं असतं," ताई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तोही माझा एक राग आहेच. "तोंडावर सांगितलं की तू भांडतेस. पडद्यांच्या वेळी भांडलीस, गॅलरीतल्या झाडांच्या वेळी भांडलीस. गिऱ्हाइकानं सांगितलं की मात्र तू गुपचूप दुरुस्त करतेस. मग मी गिऱ्हाईक झाले."

"मी कधी भांडले पडद्यांवरून?" मी ओरडले, आणि नवरा पटकन भाजी वाढून घ्यायला उठला.

"मी तुझ्यासाठी लिहीत नव्हते," ताई म्हणाल्या. "बाथरूमच्या दारात पडलेली माणसं मी आयुष्यभर उचलली आहेत. खुबा मोडला की म्हातारं माणूस बहुतेक वेळा घरी परततं ते स्वतःच्या पायांनी नाही. ज्यांना तुझी सपात दुकानात घालून बघता येत नाही, त्यांच्यासाठी लिहीत होते. जेवढं होतं तेवढंच लिहिलं."

मी ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे केली.

नवऱ्यानं शेवटी तोंड उघडलं. "पण हे कुणाला माहीत आहे? आपण तिघंच. नाव तर दिसत नाही. सोमवारी दाखवून टाकू, काय बिघडतं?"

त्याचं बरोबर होतं. कुणालाही कळलं नसतं. माझा एकुलता एक साक्षीदार घरचाच निघाला होता, आणि तो घरचा आहे हे सांगितलं तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं. कारखाना गेल्यावर मी किती दारं वाजवली होती ते मला आठवत होतं. प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडचा माणूस माझं वय बघायचा आणि मग कळवतो म्हणायचा. मला पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नव्हतं.

"ताई, तुम्ही नुसतं गप्प बसा," मी म्हटलं.

"मी गप्पच असते," त्या म्हणाल्या. "दुकान तुझं आहे, काय सांगायचं ते तू ठरव." आणि ताट उचलून धुवायला गेल्या.

सोमवारी मी आणि वकीलबाई कार्यालयात गेलो. लांब खोली, खिडकीत कोमेजलेलं एक रोप, आणि टेबलापलीकडे माझ्याच वयाची एक अधिकारी बाई. चष्मा डोक्यावर, पायात उंच टाचांचे बूट, ते तिनं टेबलाखाली काढून ठेवलेले. मला आधी तेच दिसलं, सवयच आहे. पायाला फोड आला होता बिचारीच्या.

तिनं आमच्या भावकीचे रिव्ह्यू एकामागून एक मोठ्यानं वाचले. 'नवऱ्याकडे जरा लक्ष दे' इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"दिलंत का लक्ष?"

"त्याच्यामुळेच इथे आले आहे, मॅडम," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण चष्मा डोळ्यांवर घेतला. रविवारचं जेवण, खुर्ची, सगळं मी जसं झालं तसं सांगितलं. कुणाला पैसे दिले नाहीत, कुणाला फुकट वस्तू दिली नाही. ती लिहून घेत होती. मग तिनं संगणकाच्या पडद्यावर माझं पान खाली खाली सरकवत नेलं आणि मध्येच थांबली.

"हा कोण आहे?" ती म्हणाली. "हा तीन तारेवाला. दर वेळी एक चूक काढतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही ती सुधारलेली असते. इतक्या वर्षांत एकदाही तुम्हाला चांगलं म्हटलेलं नाही. खरं सांगू का, तुमच्या सगळ्या पानात माझा विश्वास बसतो तो या एका माणसावर."

वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या हातावर हात दाबला. म्हणजे, झालं, जिंकलो. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मला नुसतं मान हलवायची होती. मी हलवणारही होते. पण ती बाई 'विश्वास' म्हणाली आणि माझ्या डोळ्यांसमोर ताट धुणाऱ्या ताईंची पाठ आली. काकांचं नातं लपलं ते वेंधळेपणानं. ताईंचं लपलं असतं ते माझ्या हातून, जाणूनबुजून. सगळ्या घराण्यात जिनं परक्या माणसांना एक शब्द खोटा सांगितला नाही, तिलाच मी खोटी साक्षीदार करून ठेवणार होते. माझ्या जिभेला लगाम नाही असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो नव्हता हे बरंच झालं.

"मॅडम, ती माझी नणंद आहे," मी म्हणाले.

माझ्या हातावरचा वकीलबाईंचा हात उचलला गेला. अधिकारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"ही तीन तारेवाली? तुमची नणंद?"

"सख्खी. मला स्वतःलाच परवा कळलं. इतकी वर्षं मी तिला माझा वैरी समजून शिव्या घालत होते."

"तुमच्याच घरातलं माणूस तुम्हाला तीन तारे देतं?"

"हो. आणि मॅडम, तिनं आजवर माझ्याबद्दल बोललेलं सगळ्यात चांगलं तेच आहे."

आता मात्र ती हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसली. मग पुन्हा सगळं पान वरपासून वाचत बसली. त्या वेळात मी खिडकीतल्या रोपाकडे बघत होते आणि मनात मशीन विकायला काढत होते.

"हे बघा," ती शेवटी म्हणाली. "हेतुपुरस्सर काही दिसत नाही. ज्याला लपवायचं असतं तो हे सांगत नाही. नातेवाइकांचे रिव्ह्यू सगळे जातील, नणंदेचेही. नात्याचा उल्लेख नाही, नियम सगळ्यांना सारखा. ज्याला पुन्हा लिहायचं आहे त्यानं सुरुवातीलाच नातं लिहायचं. बाजार त्यावर नातेवाईक असा शिक्का लावेल आणि त्यांचे तारे हिशोबात धरणार नाही. तुम्हाला ताकीद दिली होती हे काही महिने पानावर दिसेल. पुन्हा झालं तर मात्र मी काही करू शकणार नाही."

"म्हणजे दुकान..."

"उद्या उघडेल."

माझा जीव भांड्यात पडला. जिना उतरून फाटकाशी आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरात काय चाललंय ते आधी मला सांगत जा." आणि मग, "माझा नंबर पाच आहे. काळ्या रंगात करा एक जोड, पैसे देऊन घेईन." मी त्याच संध्याकाळी कापायला घेतल्या.

घरी सगळ्यांना फोन गेले. आमच्या माणसांनी नवा नियम फार मनावर घेतला. काकांनी लिहिलं, 'मी हिचा चुलत सासरा. सपाता वापरलेल्या नाहीत, मी घरात अनवाणीच असतो. मुलगी चांगली आहे.' आत्यांनी लिहिलं, 'मी आत्येसासू. आता घेतल्या. मागे म्हटलं होतं त्याहून बऱ्या निघाल्या.' मावशींनी नातं लिहिलं आणि पुढे नवऱ्याच्या वजनाचीच चौकशी केली. ताकिदीच्या पट्टीमुळे आठवडाभर ऑर्डरी कमी आल्या. मग एका अनोळखी बाईनं लिहिलं की मी यांच्या घरच्यांचे रिव्ह्यू वाचून हसले आणि जे इतकं खरं सांगतात त्यांच्याकडून घ्यावं म्हणून आईसाठी घेतल्या, आई खूश आहे. ती माझी कुणी लागत नाही. मी तीनदा खात्री करून घेतली.

ताईंचे मात्र सगळे रिव्ह्यू गेले. मला त्याचं वाईट वाटलं, आपलंच कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं. माझ्या सपातांची सगळी घडण त्यात होती. मी त्यांना तसं म्हणाले नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

एका दुपारी त्या मागच्या खोलीत आल्या. पायात सपाता होत्या. मी दिलेल्या, खोक्यातल्या, पहिल्या वर्षीच्या. आज त्या सपातांकडे बघवत नाही, इतकी कच्ची शिवण. ताई स्टुलावर बसल्या, चष्मा लावला आणि फोन पुढे केला.

"हे नात्याचं कुठे लिहायचं?"

मी दाखवलं. त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'मी हिची नणंद.' मग थांबल्या.

"आता माझे तारे मोजत नाहीत ना?"

"नाही."

"म्हणजे मी कितीही दिले तरी कुणाचा गैरसमज व्हायचा नाही. ते वाचून कुणी वस्तू घेणार नाही आणि कुणी पडणार नाही."

"नाही, ताई. घरच्यांचे आहेत हे वर स्पष्ट लिहिलेलं असतं."

"नक्की?"

"अधिकारी बाईंनीच सांगितलंय."

"मग पाच दे," त्या म्हणाल्या.

मी मशीन थांबवलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, जणू मीठ पुढे करावं तसा. मी एकेक तारा दाबत गेले आणि पाचव्यापर्यंत येताना मला पडदा धड दिसेना. मी रडत होते, आणि ताई ते बघत होत्या. नेहमीसारख्याच, नुसत्या बघत होत्या.

"मोजत असते तर तीनच दिले असते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"आणि तो परवाचा नवा जोड बघितला मी तुझा. टाच सैल आहे."

तोंडावर सांगितलं होतं. माझ्या ओठांवर उत्तर आलंसुद्धा, की नीट मापानं कापलेली आहे, तुम्हाला काय कळतं त्यातलं. ताई वाट बघत होत्या. मी डोळे पुसले, टेबलावरची नवी सपात उचलली, तिच्यात हात घातला आणि टाच दाबून बघितली.

टाच खरंच सैल होती.